दाजीला टिटवाळ्याला नेणारी शेवंती

शेवंतीची आणि माझी ओळख भांडणाने झाली, आणि त्या भांडणात चूक तिची होती असं मी अजूनही म्हणते. कोपरीच्या रिक्षा स्टँडवर जाऊन मी सरळ विचारलं होतं, "टिटवाळ्याला येशील का गं?" तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि उलट मलाच विचारलं, "मांजर किती वर्षांचंय?"

मी मांजराचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं मांजर आहे म्हणून?"

"साडीला केस आहेत की. पांढरे न् पिवळे."

भर रस्त्यात कोणी आपल्या साडीची तपासणी करावी हे मला मुळीच खपत नाही. सदतीस वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवलंय, तपासणी करायची सवय आहे, करून घ्यायची नाही. मी तिला चार शब्द सुनावले. ती खाकी शर्टाच्या बाह्या दुमडत शांतपणे ऐकून घेत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "बाई, नऊदहा वर्षांचं असेल तर एका दिवसात जमणार नाही. आठ दिवस आधी सांगायला हवं. कधी निघायचंय?"

निघायला बारा दिवस होते, म्हणून आमचं जमलं. नाहीतर मी दुसरी रिक्षा बघितली असती. आणि दुसरी मिळाली नसती, हेही खरं. आधी पाच जणांना विचारून झालं होतं. एक म्हणाला, मांजर आडवं गेलं तर आम्ही गाडी थांबवतो, आणि तुम्ही ते आत बसवायला सांगताय.

आता दाजीबद्दल सांगते. दाजी म्हणजे माझा बोका. नऊ वर्षांपूर्वी न बोलावता घरात आला आणि पहिल्या दिवसापासून जावयासारखा पाहुणचार मागायला लागला, म्हणून दाजी. आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरात बोलायला दाजी, आणि तोही ऐकून घेणाराच. आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, तेव्हा तीन वर्षांसाठी सगळ्यांनी आपापली सोय बघितली. माझा भाचा प्रफुल्ल टिटवाळ्याला राहतो. त्याने त्याच्याच गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर माझ्यासाठी भाड्याचं घर बघितलं. पोरगा गुणी आहे, पण अक्कल पाजळायची हौस फार. म्हणाला, "मावशी, दाजीला इथेच राहू दे. कुत्रं माणसाला धरून असतं, मांजर घराला. तिथे नेलंस तरी ते पळून जाणार."

"घर पाडणार आहेत ना रे? मग ते कशाला धरून बसेल? खड्ड्याला?"

शेजारच्या तुळसाकाकूंनी वेगळंच सांगितलं. मांजराला पोत्यात घालून न्यायचं, म्हणजे त्याला वाट दिसत नाही आणि ते परत येत नाही. त्यांच्या गावाला असंच करतात म्हणे. करतात हे मलाही ठाऊक आहे, पण ते नको असलेलं मांजर लांब सोडून यायचं असलं म्हणजे. मला माझं मांजर सोडायचं नव्हतं, सोबत न्यायचं होतं. खरं सांगायचं तर दाजी नसता तर मी त्या नव्या घरात पाऊल ठेवलं नसतं. तिथे कोणाशी बोलायचं, भिंतींशी?

दुसऱ्या दिवशी शेवंती पिंजरा घेऊन आली. चांगला मोठा, जाळीचा, वरून उघडणारा आणि पुढूनही. मी दारातच अडवलं. "हा चोर आहे का पिंजऱ्यात घालायला?"

"पिंजरा म्हणू नका, त्याची खोली म्हणा," ती म्हणाली आणि तो तिने हॉलच्या मधोमध, दाजीच्या उन्हाच्या जागेवर ठेवून दिला. दार काढून बाजूला ठेवलं. "आत तुमची एक सुती साडी घाला. धुतलेली नको, नेसलेली. जेवण याच्यातच द्यायचं. ढकलायचं नाही, बोलवायचं नाही. त्याचा तो जाईल."

पहिले दोन दिवस दाजी पिंजऱ्याला वळसा घालून चालला. तिसऱ्या दिवशी पुढचे दोन पाय आत ठेवून जेवला, मागचे बाहेर, पळायची तयारी ठेवून. पाचव्या दिवशी मी भाजी घेऊन आले तर हा आत माझ्या साडीवर गोल होऊन झोपलेला. मी शेवंतीला फोन केला. ती म्हणाली, "आता दार लावा, पण कडी घालू नका." अशी ती एकेक पायरी सांगायची. एखाद्या अडाणी पोराला बाराखडी शिकवावी तसं तिने मला शिकवलं, आणि मी शिकले. मला काही माझ्या अडाणीपणाची लाज वाटत नाही.

त्या आठ दिवसांत ती चार वेळा घरी आली, चहा घेतला आणि तिची हकीकत मला कळली. माहेर मुरबाडकडचं. वडील शेळ्या पाळायचे. बाजाराला शेळी न्यायची तर ओढायची नाही, टेम्पोत तिच्याशेजारी बसायचं आणि हात तिच्या पाठीवर ठेवायचा, हे ती वयाच्या सातव्या वर्षी शिकलेली. लग्न होऊन कोपरीला आली. नवरा शिवराम रिक्षा चालवायचा. त्याची कंबर धरली आणि डॉक्टरांनी रिक्षा बंद करायला सांगितली, तेव्हा हिने लायसन्स काढलं, बॅज काढला. घरात पहिल्यांदा रडारड झाली, मग सासूच शेजारीपाजारी सांगत सुटली की आमची सून रिक्षा चालवते.

"आणि हे कुत्र्यामांजरांचं?"

"ते असंच सुरू झालं बाई. एक ताई स्टँडवर आलेली, कुत्र्याचा पाय मोडलेला, कडेवर घेऊन उभी. कोणी बसवेना. मी बसवली. घरी आल्यावर शिवराम बोंबलला, सीटवर कुत्रं बसवलंस म्हणून. मी बोलले, तुझ्या सीटवर दारुडे ओकतात ते चालतं, आणि हे लेकरू चालत नाही?" तिने चहात बिस्कीट बुडवलं. "मग त्या ताईने कोणाला तरी नंबर दिला, त्यांनी आणखी कोणाला. आता लोकांच्या फोनमध्ये माझं नाव शेवंती कुत्रेवाली म्हणून सेव्ह आहे. पहिला राग यायचा. आता नाही येत."

तिच्या गोष्टी भरपूर. डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी प्रवासाला निघताना लाडाने कुत्र्याला मिसळ खायला घातली, त्या दिवशीची रिक्षा धुवायला शिवराम, सासू आणि ती असे तिघे लागले. ऐश्वर्या नावाची एक मुलगी तिचे दोन ससे दर पंधरा दिवसांनी आजोबांना भेटवायला न्यायची. एक लॅब्रॅडॉर होता, तो शेवंतीच्या पायाशी बसल्याशिवाय रिक्षाच सुरू करू द्यायचा नाही, म्हणून त्याच्या मालकिणीला मागे त्याचा पट्टा धरून बसावं लागायचं. पण पट्टा कोणीच सोडायचा नाही आणि तोंड कोणीच बाहेर काढायचं नाही, यात तिच्याकडे कोणालाही सूट नव्हती. रिक्षाला दोन्ही बाजूंनी तिने रेक्झिनचे पडदे शिवून घेतले होते, चेन लावलेले. जनावर आत बसलं की पडदे बंद.

दोनदा आम्ही दाजीला फिरवून आणलं. पहिल्यांदा नुसतं स्टेशनच्या पुलापर्यंत. दाजी असा ओरडला की लोक वळून बघत होते. दुसऱ्यांदा आनंदनगरच्या नाक्यापर्यंत, तेव्हा तो गप्प बसून होता आणि माझ्याकडे बघतही नव्हता. शेवंती खूश झाली. मला म्हणाली, "आता एकच लक्षात ठेवा. निघायच्या आधी चार तास पोटात काही जाता कामा नये. पाणी दोन घोट, बस."

मी म्हटलं, "अगं मी शिक्षिका आहे, मला एक गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही."

आणि इथे मी माती खाल्ली.

निघायच्या दिवशी सकाळी प्रफुल्ल टेम्पो घेऊन आला. भांडी, कपाट, गाद्या सगळं चढलं. रिकाम्या घरात देवापुढे दिवा लावला आणि वाटीत दही कालवलं. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवायची, ही आमच्या घरची रीत. आईने माझ्या हातावर ठेवलं, मी ह्यांच्या हातावर ठेवलं. स्कॉलरशिपच्या परीक्षेला निघणाऱ्या माझ्या वर्गातल्या पोरांच्या हातावर मी दरवर्षी दही ठेवत आले, एकाचंही पोट कधी बिघडलं नाही. प्रफुल्लच्या हातावर ठेवलं, स्वतः घेतलं. दाजी पिंजऱ्यात बसून बघत होता. तोही निघालाच होता ना? त्याला तसंच कसं बाहेर काढू? मनात म्हटलं, दही म्हणजे काही जेवण नव्हे. बोटावर थोडं घेऊन जाळीतून दिलं. त्याने चाटलं आणि आणखी मागितलं. मग वाटीच आत सरकवली.

शेवंती आली तेव्हा वाटी मी धुऊन पिशवीत टाकली होती. तिने विचारलं, "काही दिलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी नजरेवरून ओळखायची. शेवंतीने माझ्याकडे बघितलं नाही म्हणून मी वाचले.

तिने पिंजरा पायाशी आडवा ठेवला, दोरीने सीटच्या दांड्याला बांधला, वरून चादर टाकली, पडद्यांच्या चेन ओढल्या. माजिवड्यावरून भिवंडी बायपासला लागेपर्यंत सगळं छान होतं. ती खड्डा आला की रिक्षा जवळजवळ उभी करायची, मागचे हॉर्न वाजवत राहायचे, हिला फरक पडत नव्हता. कोन गाव गेलं, दुर्गाडीचा पूल आला. पुलावर दाजी विचित्र आवाजात ओरडला. मग चादरीखालून ओकारीचा आवाज आला, आणि मग दुसरं जे व्हायचं तेही झालं. वास असा की माझेच डोळे पाणावले.

"थांब गं, थांब," मी म्हटलं.

घाऊक बाजाराच्या मागच्या बाजूला, बारदानाच्या गोदामांपाशी तिने रिक्षा लावली. सकाळचा बाजार आटपत आला होता. "मी पाणी घेऊन येते," ती म्हणाली. "बाई, मी येईपर्यंत कडीला हात लावायचा नाही. पडदा पण उघडायचा नाही."

ती दहा पावलं गेली असेल. चादर उचलून मी बघितलं तर दाजी सगळा माखलेला, तोंड उघडं टाकून धापा टाकत होता. मला वाटलं, हा आता जातो. त्या क्षणी मला काही आठवलं नाही, ना शेवंती, ना तिचे आठ दिवस. पडदा उघडला, वाऱ्यासाठी. कडी काढली, त्याचं तोंड पुसायला. तो माझ्या हातातून असा निसटला की पदराला त्याची घाण लागली तेवढीच, आणि समोरच्या गोदामाकडे गेला तो दिसेनासा झाला.

मी रस्त्यात उतरून किंचाळायला लागले. दाजी, दाजी. हमाल थांबून बघायला लागले. एकाने विचारलं, "कोणाचे दाजी हरवले, आजी?" मी गोदामाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत धावले, या वयात, या गुडघ्यांनी. ना कोपरी, ना टिटवाळा. त्याला परत जायला घर नव्हतं आणि पुढचं त्याने बघितलं नव्हतं. मी त्याला अशा जागी हरवला होता जिथे त्याचं काहीच नव्हतं. दोन दिवस तो कुठेतरी भुकेला बसणार आणि मग एखाद्या ट्रकखाली जाणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

शेवंती पाण्याची बाटली घेऊन धावत आली. तिने रिकामा पिंजरा बघितला, मला बघितलं. मला वाटलं, आता ही मला झोडपणार, आणि झोडपलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने माझं मनगट धरलं.

"धावायचं नाही. तो लांब गेलेला नाही. घाबरलेलं मांजर लांब जात नाही, जवळच्या बिळात शिरून बसतं. तुम्ही ओरडलात तर आणखी आत जाईल."

हमालांना तिने हात जोडून सांगितलं की दादा, अर्धा तास इथून हातगाडी काढू नका. ते थांबले. पिंजरा तिने घाईघाईने पुसला, माखलेलं कापड काढलं, आणि मला म्हणाली, "अंगावरची शाल द्या." ती आत घातली. गोदामाच्या पायरीवर पिंजरा ठेवला, दार उघडं. मला शेजारी बसवलं.

"आता बोला."

"काय बोलू? हाक मारू?"

"हाक नका मारू. घरी तुम्ही त्याला कधी हाक मारता? तुम्ही नुसत्या बोलत असता. मी चार वेळा आलेली तुमच्याकडे, एकदा पण तुम्ही गप्प नव्हता. दूधवाल्याला, प्रफुल्लदादाला, वरच्या मजल्याला, सगळ्यांना घालून पाडून चाललेलं असतं. ते बोला. तसंच. त्याच्यासाठी तेच घर आहे."

आयुष्यभर लोकांनी मला सांगितलं की बाई, थोडं कमी बोला. मुख्याध्यापकांनी सांगितलं, नणंदेने सांगितलं, प्रफुल्ल अजून सांगतो. आणि ही मला भर बाजारात पायरीवर बसवून म्हणतेय, बोला. समोर सहा हमाल हाताची घडी घालून उभे.

शेवटी मी प्रफुल्लपासून सुरुवात केली. म्हटलं, मसाल्याचे डबे त्याने गाद्यांच्या मध्ये कोंबलेत, आता सगळ्या गाद्यांना हिंगाचा वास येणार, आणि मी बोलले की म्हणणार, मावशी किती कटकट करतेस. मग आवाज हळूहळू लागला. तुळसाकाकू आठवल्या. मांजराला पोत्यात घाला म्हणे, स्वतः गावाला जाताना विमानाचं तिकीट काढतात. मग इमारतीची कमिटी घेतली. मग दूधवाला, आठ वर्षं पाणी घालतोय आणि निरोपाच्या दिवशी पाया पडून गेला, मेल्याने मला रडवलं. मग आमचे हे. ह्यांनाही मी सोडलं नाही. म्हटलं, तुम्ही पुढे निघून गेलात, गाद्या तुमच्या, कपाट तुमचं, आणि उचलाउचल माझ्या वाट्याला. आणि या मूर्ख बाईने बोक्याला दही घातलं, वाटीभर, नको नको म्हणून सांगितलं असताना. तीस-चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं आणि स्वतःला काही शिकवता आलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवंती थोडी लांब, उकिडवी बसली होती. तिचा हात हळूच वर झाला. थांबू नका, असं तिने खुणेने सांगितलं.

गोदामाच्या ओट्याखाली हातभर फट होती. तिथून आधी मिशा आल्या, जळमटं लागलेल्या. मग डोकं. मी बोलत राहिले, पण काय बोलत होते ते मला आठवत नाही, बहुधा हिंगाचंच परत. दाजी पोट जमिनीला लावून आला, माझ्या पायावरून गेला, पिंजऱ्यात शिरला आणि शालीवर बसून अंग चाटायला लागला. शेवंतीने मागून येऊन कडी घातली.

हमालांतला एक म्हणाला, "आजी, भाषण चांगलं होतं."

रिक्षात बसल्यावर मी तिला म्हटलं, "शेवंती, दही मी दिलं होतं गं. सकाळी तुला खोटं सांगितलं."

"माहितीये. तुमच्या हाताला वास येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आधीच घाबरलेल्या. मला वाटलं, थोडंसंच असेल, निभेल. माझी पण चूक आहे ना बाई, तुम्हाला एकटं सोडायलाच नको होतं." तिने रिक्षा सुरू केली. "आता गप्प बसू नका. टिटवाळ्यापर्यंत चालू ठेवा, त्याला बरं वाटेल."

मी चालू ठेवलं. शहाड, आंबिवली, सगळा रस्ता. शेवंतीही मधूनमधून हुंकार देत होती, नाही पटलं तर वादही घालत होती. टिटवाळा येईपर्यंत माझा घसा पार बसला.

नव्या घरात तिने आधी आतल्या खोलीच्या खिडक्या बंद करून घेतल्या. त्याच्या शी-शूसाठी माती भरलेलं तसराळं एका कोपऱ्यात, पाणी दुसऱ्या कोपऱ्यात, पिंजरा मधे, दार उघडं. आठ दिवस याच खोलीत ठेवायचा, कोणाला बघायला आणायचं नाही, असं प्रफुल्लला बजावलं. मला काही बजावलं नाही. मग ती उन्हं उतरायच्या आत कोपरीला जायला निघाली.

दार लावून मी त्या खोलीत जमिनीवर बसले. बोलायचा प्रयत्न केला, नुसती हवा निघाली. दाजी पिंजऱ्याच्या आत, डोळे विस्फारून. त्याच्या ओळखीचा माझा आवाज होता, आणि नेमका तोच नव्हता. हा आता बाहेर येणारच नाही, असं वाटून मला मनापासून भीती वाटली. दीड-दोन तास मी तशीच बसून राहिले. कुठल्याही घरात मी इतका वेळ गप्प बसले नसेन.

मग तो उठला. चारही भिंती हुंगल्या. खिडकीपाशी गेला, तिथून परत आला, आणि माझ्या मांडीवर चढून पाय दुमडून बसला.

तेवढ्यात फोन वाजला. शेवंतीचा. "बाई, पोहोचले मी कोपरीला. आला का तो बाहेर?"

मला सांगायचं होतं, पण शब्द निघेना. ती दोनदा हॅलो म्हणाली. मी फोन खाली नेला आणि दाजीच्या पोटाला लावून धरला. त्याची घुरघुर चालू होती, जोरात.



"बरं," ती म्हणाली, "उद्या गरम पाण्याच्या गुळण्या करा. त्याला तुमचा आवाज लागतो."